शब्दान्तीचे व्यंजन आणि भूतकाळाचा प्रत्यय : चिनीभाषी प्रौढांच्या इंग्रजी अध्ययनाविषयी काही विचार

चिनी मातृभाषा असलेला एखादा प्रौढ विद्यार्थी कालची हकीकत सांगताना 'यस्टर्डे आय वॉक टु द मार्केट' असे म्हणतो, तेव्हा शिक्षक बहुधा एकच निदान करतो : विद्यार्थ्यास भूतकाळ येत नाही. त्यानुसार त्याच्याकडून काळांची कोष्टके पुन्हा घोकून घेतली जातात. विद्यार्थी ती बिनचूक म्हणून दाखवितो, लेखी परीक्षेत भूतकाळाचा प्रत्यय योग्य त्या ठिकाणी लिहितो, आणि वर्गाबाहेर पडल्यावर पुन्हा 'वॉक' असेच म्हणतो. हा प्रकार वर्षानुवर्षे चालला म्हणजे शिक्षक त्याला निष्काळजी ठरवितो व विद्यार्थी स्वतःला मंदबुद्धी समजू लागतो. वस्तुतः येथे विचारावयाचा पहिला प्रश्न वेगळा आहे. प्रत्यय गळाला तो विद्यार्थ्याच्या मनातील व्याकरणात, की त्याच्या जिभेवर? या दोन दोषांचे उपाय भिन्न आहेत. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी तास-दोन तास अभ्यास करणाऱ्या माणसाला भलताच उपाय परवडत नाही. मुलाखतीत, कारखान्यात, रुग्णालयात त्याची योग्यता त्याच्या बोलण्यावरूनच जोखली जात असते.

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी 'चिनी भाषा' या शब्दाविषयी थोडा खुलासा अवश्य आहे. हे एकवचन फसवे आहे. पेकिंगच्या बोलीवर आधारलेली प्रमाणभाषा, म्हणजे फुथुंगह्वा, आणि हाँगकाँग-क्वांगतुंगकडची कँटनी यांत इतके अंतर आहे की एकीच्या भाषकाला दुसरी ऐकून समजत नाही. त्यामुळे 'चिनी विद्यार्थ्यांच्या चुका' अशी सरसकट यादी करणे धोक्याचे असते. प्रस्तुत लेखात मुख्यतः प्रमाण चिनी डोळ्यांपुढे ठेविली आहे व जेथे कँटनीची स्थिती निराळी आहे तेथे तसे सांगितले आहे. चिनी शब्द देवनागरीत लिहिताना सूर दाखविलेले नाहीत. अल्पप्राण व महाप्राण हा भेद मात्र पाळला आहे.

हा भेद मराठी वाचकाच्या अंगवळणी पडलेला असल्याने पुढील विवेचन त्याला सुलभ व्हावे. आपल्या वर्णमालेत प, फ, ब, भ अशी चार ओष्ठ्य स्पर्श-व्यंजने आहेत. प्रमाण चिनीत यांपैकी पहिली दोनच आहेत. घोष स्पर्श मुळीच नाहीत. १९५८ साली मान्य झालेल्या फिनयिन या रोमन लेखनपद्धतीत मात्र 'बी', 'डी', 'जी' ही अक्षरे अनुक्रमे प, त, क या अघोष अल्पप्राण ध्वनींसाठी, आणि 'पी', 'टी', 'के' ही महाप्राण ध्वनींसाठी योजिली आहेत. आपण ज्या शहराला 'बीजिंग' म्हणतो त्याचा उच्चार 'पेइचिंग'च्या अधिक जवळ आहे, तो यामुळेच. शाळेत फिनयिन शिकलेला विद्यार्थी इंग्रजी 'बी' वाचताना साहजिकच प उच्चारतो. गंमत अशी की शब्दारंभी हे खपून जाते, कारण इंग्रज माणसाच्या कानाला शब्दारंभी घोषत्वापेक्षा महाप्राणत्वाचाच अधिक आधार असतो. चिनी विद्यार्थ्याचा 'पेन' त्याला 'पेन'च वाटतो, तो महाप्राण असल्यामुळे; उलट आपल्या मराठी माणसाचा अल्पप्राण 'पेन' त्याला कधी कधी 'बेन' ऐकू येतो.

खरी अडचण शब्दाच्या शेवटी उभी राहते. प्रमाण चिनीतील उच्चारावयव स्वरान्त असतो किंवा न् अथवा ङ् या दोन अनुनासिकांत संपतो. उत्तरेकडच्या बोलीत जिभेच्या वळणाचा एक र् कधी कधी शेवटी येतो, इतकेच. प्, त्, क्, स्, म्, ल् यांपैकी एकही व्यंजन तेथे अन्ती उभे राहू शकत नाही, मग दोन-तीन व्यंजनांच्या जोडाक्षराची गोष्टच नको. कँटनीत अन्त्य प्, त्, क् आणि म् आहेत, परंतु पहिली तिन्ही ओठ वा जीभ टेकवून तेथेच सोडून दिली जातात, त्यांचा स्फोट होत नाही. म्हणून कँटनीभाषकाचा 'स्टॉप' बराचसा साधतो, पण 'स्टॉप्ट' साधत नाही. प्रमाण चिनीच्या भाषकापुढे असा शब्द आला म्हणजे दोनच मार्ग उरतात. एक तर व्यंजनामागे स्वर जोडून नवा उच्चारावयव निर्माण करावयाचा, नाहीतर व्यंजन गाळावयाचे.

पहिल्या मार्गाचा इतिहास जुना आहे. कँटनच्या व्यापारकाळात इंग्रजी शब्दांचे उच्चार चिनी लिपिचिन्हांनी दाखविणाऱ्या पुस्तिका वापरात होत्या. १८६२ साली पेकिंगमध्ये दुभाषी तयार करण्यासाठी थुंगवनक्वान ही सरकारी शाळा निघाली, त्यापूर्वी अनेकांचे इंग्रजी अशा पुस्तिकांवरच चालत असे. चिनी लिपीतील प्रत्येक चिन्ह हा एक संपूर्ण उच्चारावयव असतो. आपल्यापाशी हलन्ताचे चिन्ह आहे, चिनी लेखकापाशी ते नाही. त्यामुळे 'थँक यू' लिहावयाचे तर 'सान ख यो' अशी तीन चिन्हे लागतात. ही विशिष्ट त्रयी आज थट्टेने लिहिली जाते. पण घाईत पाठ करणारा प्रौढ विद्यार्थी आजही वहीच्या कडेला अशी टिपणे करतो, आणि ती एकदा जिभेवर बसली की सुटता सुटत नाहीत. देवनागरीत इंग्रजी उच्चार टिपून शिकलेल्या आपल्याकडील मंडळींना हे नवे वाटू नये.

दुसरा मार्ग, म्हणजे व्यंजन गाळण्याचा, अधिक घातक आहे. कारण इंग्रजीने आपल्या उरल्यासुरल्या व्याकरणप्रत्ययांपैकी बहुतेक याच जागी ठेविले आहेत. अनेकवचनाचा स्, षष्ठीचा स्, तृतीयपुरुषी वर्तमानकाळाचा स्, भूतकाळाचा ट् किंवा ड्, ही सर्व शब्दान्ती, अनेकदा दुसऱ्या व्यंजनाला चिकटून येणारी एकेकटी व्यंजने आहेत. 'वॉक्ट'मधील ट् गळाला तर ध्वनी एकच जातो, पण त्याबरोबर काळ जातो. ज्याच्या भाषेत नामाला वचन नाही व क्रियापदाला काळाचे रूप नाही, त्याच्या तोंडून असा प्रत्यय गळाला की ऐकणारा तो अज्ञानाचा पुरावा मानतो. प्रत्यक्षात तो अज्ञानाचा असेल किंवा नसेल. नुसते ऐकून ठरविता येत नाही.

ठरविण्याच्या कसोट्या मात्र आहेत, आणि त्यांना कोणतेही उपकरण लागत नाही. पहिली अशी : ज्या शब्दांत तेच जोडव्यंजन आहे पण प्रत्यय नाही, ते शब्द विद्यार्थ्याकडून बोलवून घ्यावेत. 'फॅक्ट', 'अ‍ॅक्ट', 'नेक्स्ट' हे शब्द तो 'फॅक', 'अ‍ॅक', 'नेक्स' असे म्हणत असेल, तर 'वॉक'बद्दल त्याच्या व्याकरणाला दोष देण्यास अजून आधार नाही. दुसरी कसोटी अनियमित क्रियापदांची. 'सी'चे 'सॉ', 'कम'चे 'केम' यांत भूतकाळ स्वरबदलाने दाखविला जातो, शब्दान्ती नवे व्यंजन येत नाही. 'सॉ' व 'केम' नियमाने म्हणणारा विद्यार्थी 'वॉक्ट' म्हणत नसेल तर अडचण ध्वनीची. तो 'यस्टर्डे आय सी हिम' असेही म्हणत असेल तर मूळ अधिक खोल आहे. तिसरी कसोटी लेखनाची, चौथी संधीची. 'वॉक्ट आउट' असे पुढे स्वर येणारे शब्द दिले असता ट् पुढील उच्चारावयवाच्या आरंभी सरकतो, 'वॉक-टाउट' असे होते, आणि चिनीभाषकाला आरंभीचा ट् काही जड नाही. येथे प्रत्यय प्रकट झाला व 'वॉक्ट होम'मध्ये झाला नाही, तर निदान जवळजवळ निश्चित झाले.

ही चौथी कसोटी उपायही आहे. अन्त्य व्यंजन एकटे घोटून घेण्यात शिक्षक आठवडे घालवितात व हाती 'वॉक्ट-अ' असा शेपूट जोडलेला उच्चार लागतो. त्याऐवजी आरंभी केवळ स्वरारंभी शब्द पुढे असलेली वाक्ये घ्यावीत : 'पिक्ट इट अप', 'लुक्ट अ‍ॅट इट', 'आस्क्ट अस'. ती सुलभ झाल्यावर पुढील शब्द हळूच काढून घ्यावा. शुद्ध व्यंजनापेक्षा हा मार्ग लांबचा दिसतो, पण तो विद्यार्थ्याच्या मूळ भाषेने दिलेल्या सामर्थ्यावरून जातो.

ध्वनी व व्याकरण यांच्या या गुंत्यावर आधुनिक संशोधनात पुष्कळ विचार झाला आहे. डोना लार्डिएर यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास यात विशेष उल्लेखनीय आहे. 'पॅटी' या टोपणनावाने निर्दिष्ट केलेली एक चिनीभाषी स्त्री प्रौढपणी अमेरिकेत स्थायिक झाली होती व तिचा सारा व्यवहार इंग्रजीतून चाले. तिच्या संभाषणांच्या ध्वनिमुद्रणांत जेथे भूतकाळ अवश्य होता अशा स्थळांपैकी सुमारे ३४ टक्के स्थळीच तो आढळला, आणि आठ वर्षांहून अधिक काळानंतरच्या मुद्रणांतही हे प्रमाण हलले नव्हते. एवढ्यावरून तिची इंग्रजी गोठली असे म्हणून कोणी पुस्तक मिटले असते. परंतु 'ही' आणि 'हिम', 'शी' आणि 'हर' यांतील विभक्तिभेद ती शंभर टक्के अचूक पाळीत होती, आणि हा भेद वाक्यातील क्रियापदाच्या कालयुक्त असण्याशी निगडित आहे. म्हणजे काळाची वाक्यरचनेतील जागा तिच्या मनात होती. त्या जागी बसणारे रूप तोंडावाटे बाहेर पडत नव्हते. लेखनात तिचे भूतकाळाचे प्रमाण पुष्कळच वर गेले. तथापि सारा भार जिभेवर टाकणेही योग्य नव्हे. तिच्या बोलण्यात अनियमित रूपे नियमित रूपांहून अधिक वेळा येत असली तरी तीही सर्वत्र येत नव्हती. काही अंश उच्चाराचा, काही अंश दुसऱ्या कशाचा, असेच म्हणावे लागते.

ते दुसरे काय, याचा शोध चिनीतील 'ल' या निपाताकडे नेतो. प्रौढ विद्यार्थ्याला इंग्रजी भूतकाळाचा प्रत्यय प्रथम भेटतो तेव्हा तो त्याला आपला 'ल' समजतो, आणि दुर्दैवाने पाठ्यपुस्तकेही तसेच सुचवितात. परंतु 'ल' काळ सांगत नाही, क्रिया पुरी झाल्याचे सांगतो. 'उद्या जेवून निघेन' या अर्थाच्या चिनी वाक्यात जेवणाच्या क्रियापदामागे 'ल' लागतो, क्रिया भविष्यातील असूनही. उलट 'काल फार थंडी होती' या वाक्यात तो लागत नाही, कारण थंडी ही स्थिती आहे, पुरी होणारी क्रिया नव्हे. यावरून चुकांचा नकाशा आधीच काढता येतो. 'ब्रोक', 'अराइव्ह्ड', 'फिनिश्ट' अशा पूर्णतावाचक क्रियापदांत भूतकाळ लवकर येतो. 'वॉज', 'वॉन्टेड', 'न्यू' अशा स्थितिवाचकांत तो मागे राहतो. तेव्हा 'यस्टर्डे आय अ‍ॅम व्हेरी टायर्ड' ही चूक उच्चाराची असू शकत नाही. 'वॉज' म्हणणे 'अ‍ॅम' म्हणण्यापेक्षा कठीण आहे असे कोणी म्हणणार नाही. येथे व्याकरणच शिकविले पाहिजे, आणि तेही कोष्टकाने नव्हे, तर 'ल' व इंग्रजी भूतकाळ यांची फारकत करून.

इतर उच्चारदोषांविषयी थोडक्यात सांगतो. 'थिंक'मधील जिभेचे टोक दातांत धरून काढावयाचा घर्षक ध्वनी प्रमाण चिनीत नाही; त्याजागी स् येतो व 'थिंक'चे 'सिंक' होते. हाँगकाँगात त्याजागी फ् येतो. मराठी माणूस आपला महाप्राण थ् घालतो. शिक्षक या एका ध्वनीवर अतोनात श्रम घेतात, कारण तो दोष चटकन कानाला लागतो. पण जेनिफर जेंकिन्स यांनी २००० सालच्या आपल्या ग्रंथात, निरनिराळ्या देशांतील लोकांच्या परस्पर संवादास अत्यावश्यक अशा ध्वनींत त्याची गणना केलेली नाही, आणि हे मत मला मान्य आहे. त्यांनी आवश्यक मानलेल्या गोष्टींत स्वराचे ऱ्हस्वदीर्घत्व आहे. 'शिप' व 'शीप' हा भेद चिनी विद्यार्थ्यास नवा असतो. शिवाय 'बॅक' व 'बॅग' यांतील भेद इंग्रज माणूस अन्त्य व्यंजनाच्या घोषत्वापेक्षा आधीच्या स्वराच्या लांबीवरून ओळखतो. म्हणून अन्त्य ग् साधत नसेल तर आधीचा स्वर लांबवावयास शिकवावे, अर्थ पोहोचतो. न् व ल् यांचा घोटाळा, 'नाइट' व 'लाइट' यांतील, स्सछ्वानसारख्या नैर्ऋत्येकडील प्रदेशांच्या व हाँगकाँगच्या विद्यार्थ्यांत दिसतो, पेकिंगच्या नव्हे. तेथे तो पाठ घेणे व्यर्थ.

आघाताच्या बाबतीत मात्र चिनीत एक उपयुक्त साधन आहे व त्याकडे दुर्लक्ष होते. सूर हा चिनी शब्दाचा प्राण, म्हणून प्रत्येक उच्चारावयव सारख्या वजनाने उच्चारण्याची प्रवृत्ती होते आणि 'बनाना' या इंग्रजी शब्दातील तिन्ही अवयव समान ठाशीव येतात, असे सांगितले जाते. ते खरे आहे. परंतु चिनीत सूर गमावलेले, हलके व आखूड असे अवयवही आहेत. 'तुंगशी' हा शब्द दोन्ही अवयव पूर्ण सुरात म्हटला तर 'पूर्व-पश्चिम' असा अर्थ होतो. दुसरा अवयव सूर सोडून हलका म्हटला तर 'वस्तू'. हा भेद पेकिंगचे लहान मूलही करते. इंग्रजीतील निराघात स्वर समजावून देताना नवी परिभाषा शिकविण्याऐवजी 'हा अवयव वस्तूमधील दुसऱ्या अवयवासारखा म्हण' एवढे सांगितल्याने काम भागते.

हेच तत्त्व उपपदांना लागू पडते. चिनीत 'अ' व 'द' यांसारखी उपपदे नाहीत (मराठीतही नाहीत), परंतु निश्चित-अनिश्चिततेची कल्पना आहे. 'खरन लाय ल' म्हणजे ज्याची वाट पाहत होतो तो पाहुणा आला; 'लाय ल खरन' म्हणजे कोणी पाहुणा आला आहे. नाम क्रियापदाआधी की नंतर, यावर अर्थ ठरतो. असे असता उपपदांचे तीस-चाळीस नियम पाठ करविण्याआधी विद्यार्थ्यास या दोन वाक्यांचे इंग्रजी करावयास सांगावे. आपल्याजवळ जे आहे त्यालाच नवे चिन्ह लावावयाचे आहे हे प्रौढ बुद्धीला लवकर पटते.

व्याकरणाविषयी आणखी एक सावधगिरीची सूचना आहे. चुका मोजून ज्ञान मोजता येत नाही. जॅकेलिन शॅख्टर यांनी १९७४ साली फारसी, अरबी, चिनी व जपानी विद्यार्थ्यांच्या इंग्रजी निबंधांतील संबंधी वाक्ये तपासली. चिनी व जपानी विद्यार्थ्यांच्या चुका कमी निघाल्या. पण त्यांनी अशी वाक्येही फार कमी लिहिली होती. कारण उघड आहे. चिनीत विशेषणवाक्य नामाआधी येते, आपल्या 'मी काल घेतलेले पुस्तक' या रचनेसारखे. इंग्रजीत ते नामानंतर येते. अवघड वाटणारी रचना विद्यार्थ्याने टाळली व निबंध निर्दोष ठरला. अशा विद्यार्थ्याला उत्तम गुण देणारा परीक्षक त्याचे नुकसानच करीत असतो. उलट, 'ही' व 'शी' यांचा घोटाळा चांगल्या विद्वानांच्याही बोलण्यात होतो, त्याला फार महत्त्व देऊ नये. बोली चिनीत दोहोंसाठी 'था' हा एकच उच्चार आहे. स्त्रीवाचक निराळे लिपिचिन्ह विसाव्या शतकाच्या आरंभी, ल्यू पान्नुंग प्रभृतींच्या पुरस्कारामुळे रूढ झाले. भेद डोळ्याला ठाऊक, तोंडाला नाही. म्हणून लेखनात ही चूक क्वचितच सापडते.

शब्दसंग्रहाचा विचार करताना चिनी विद्यार्थ्याच्या कष्टांचे मोल आपण जाणले पाहिजे. मराठी माणसाला टेबल, स्टेशन, टेलिफोन, डॉक्टर हे शब्द इंग्रजी शिकण्यापूर्वीच ठाऊक असतात. चिनीने 'शाफा' म्हणजे सोफा, 'खाफेय' म्हणजे कॉफी असे काही थोडे शब्द उच्चारानुसार घेतले, परंतु एकंदर कल भाषांतराचा. टेलिफोन म्हणजे 'त्येनह्वा', शब्दशः विद्युत्-वाणी. संगणक म्हणजे 'त्येननाव', विद्युत्-मेंदू. शिवाय चिनी शब्द पारदर्शक असतात. 'न्यू' म्हणजे गाय-बैल, 'न्यूरो' म्हणजे त्यांचे मांस. 'चू' म्हणजे डुक्कर, 'चूरो' त्याचे मांस. इंग्रजीत 'काऊ' व 'बीफ', 'पिग' व 'पोर्क' यांचा परस्परांशी काही संबंध दिसत नाही, आणि दर शब्द नव्याने पाठ करावा लागतो. पॉल नेशन यांच्या २००६ सालच्या गणनेप्रमाणे सामान्य लिखित इंग्रजी विनासायास वाचण्यास आठ ते नऊ हजार शब्दकुले लागतात.

संख्येपेक्षा जोड्यांची अडचण मोठी. 'खाय' या एका क्रियापदाने दार उघडता येते, दिवा लावता येतो, मोटार हाकता येते, सभा भरविता येते. म्हणून 'ओपन द लाइट' हे वाक्य जन्मास येते. 'खान' हे क्रियापद पाहणे व वाचणे दोहोंसाठी चालते. म्हणून 'सी अ बुक'. यादीतील 'ओपन' व 'सी' यांचे अर्थ विद्यार्थ्याने बरोबरच पाठ केलेले असतात, चूक यादी करणाराची असते. शब्द एकटा न देता त्याच्या नेहमीच्या सोबत्यासह दिला पाहिजे, आणि येथे चिनी परंपरेतील पाठांतराची सवय, जिला पाश्चात्त्य शिक्षक बहुधा नाके मुरडतात, उपयोगी पडते. एल. जी. अलेक्झांडर यांची १९६७ साली निघालेली 'न्यू कॉन्सेप्ट इंग्लिश' ही पाठमाला चीनमध्ये इतकी लोकप्रिय झाली की तिचे धडेच्या धडे मुखोद्गत म्हणणारे विद्यार्थी तेथे पिढ्यानुपिढ्या होत आले आहेत. वाचता येते पण बोलता येत नाही अशा इंग्रजीला तिकडे 'मुकी इंग्रजी' म्हणतात, आणि तिचे खापर अनेकदा पाठांतरावर फुटते. पण मुखोद्गत धड्यात 'टर्न्ड ऑन द लाइट' ही जोडी अखंड येते. तीत 'टर्न्ड'चा ड् पुढच्या स्वरावर आपोआप सरकतो. तोच धडा मोठ्याने, संधी सांभाळून म्हणवून घेतला तर शब्दाची जोडी, भूतकाळ आणि शब्दान्तीचे व्यंजन यांचा सराव एकाच वेळी होतो, आणि त्यासाठी निराळा तास लागत नाही.